अरेंजर कीबोर्डवर (आपोआप साथ देणाऱ्या कीबोर्डवर) सुचलेली छोटी लूप पटकन कशी रेकॉर्ड करावी?

यामाहाच्या पीएसआर-एसएक्स मालिकेतला कीबोर्ड असेल तर पूर्ण साँग रेकॉर्डिंगच्या फंदात न पडता मल्टी पॅड क्रिएटर उघडा. मल्टी पॅड म्हणजे दाबलं की छोटा तुकडा वाजवणारी बटणं. वाजवलेला तुकडा थेट पॅडवर बसतो आणि ‘रिपीट’ चालू असलं की फिरत राहतो. रेकॉर्डिंग ‘स्टाइल’च्या (आपोआप वाजणाऱ्या साथीच्या) स्टार्ट बटणाने सुरू करा, म्हणजे ताल कानावर राहतो पण पॅडमध्ये उमटत नाही. खरी मजा ‘कॉर्ड मॅच’मध्ये आहे! डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) बदलला की तुकडाही त्याच्यासोबत बदलतो. त्यासाठी रेकॉर्ड करताना मात्र सी मेजर सेव्हन हा आधार मानून सी, डी, ई, जी, ए, बी एवढेच सूर घ्या. एफ टाळाच. दोन-चार बार (तालाची आवर्तनं) पुरेत. पॅड लगेच सेव्ह करा, कीबोर्ड बंद केला की न साठवलेलं जातं.