मुंबई मॅरेथॉनआधीचा डिसेंबर

भाऊ, पाय जड झालेत, वेग पडलाय, म्हणून घाबरू नको. आठवड्याचे किलोमीटर वाढले की थकवा साचतोच. फक्त दुखणं ओळखायला शीक. दोन्ही मांड्या सारख्याच भरून आल्या असतील तर हळू पळ. पण नडगीवर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येत असेल, तर त्या दिवशी बूट घालूच नको, आणि कळ राहिली तर डॉक्टरांना दाखव.

रविवारचा लांब पल्ला 30-32 किलोमीटरच्या पुढे नेऊ नकोस. एकदा पूर्ण 42 पळून बघायचा मोह होतो, पण त्यातून शरीर सावरायला फार दिवस जातात. वेग असा ठेव की सोबतच्याशी गप्पा मारता येतील. आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सचा चढ मुद्दाम शेवटी घे, दमल्यावर. मुंबईत पेडर रोडचा चढ परतताना येतो, तिसाव्या किलोमीटरनंतर.

आणि आपली थंडी फसवते बरं. इथे पहाटे घाम जाणवत नाही, म्हणून पोरं पाणीच पीत नाहीत; तिकडे दमट हवेत टी-शर्ट पिळायची वेळ येते. पळताना ताकदीसाठी घेतात ते एनर्जी जेल असो की मीठ-साखरेचं पाणी, शर्यतीत जे घेणार ते इथेच घेऊन बघ, पोटाला सवय लागू दे. तर्री पोहे पळून आल्यावर खुशाल खा, आधी नको.

शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करत जा. तेव्हा पाय शिवशिवतील, कुणीतरी अंबाझरी तलावावर पळायला चल म्हणेल. नाही म्हण आणि झोप काढ.