रमजानात एसाविराची सूर्यास्त सहल: व्हाउचरवरची वेळ आधी बदलून घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन मोरोक्कोतलं एसाविरा, दीड तासाची 'सनसेट मेदिना वॉक' (मेदिना म्हणजे तटबंदीच्या आतलं जुनं शहर), व्हाउचरवर संध्याकाळी सव्वासहाची वेळ, आणि एजन्सीचं उत्तर, "रमजान असला तरी सगळं नेहमीप्रमाणे चालू असतं." हेच वाक्य जवळपास याच शब्दांत आम्हालाही मिळालं होतं. त्यामुळे तुमचे पैसे आणि तुमची संध्याकाळ कुठे अडकणार आहे ते मला दिसतंय.

व्हिसा, दिरहम, मराकेशहून बस की गाडी, हे सगळं तुम्ही उरकलं असेल असं धरून चालते. त्यावर शोधलंत तर ढीगभर सापडेल. मी वेळेबद्दलच बोलणार आहे.

मोरोक्कोचं घड्याळ ऑक्टोबर 2018 पासून वर्षभर जीएमटीच्या एक तास पुढे असतं. अपवाद रमजानचा. महिना सुरू होण्याआधीच्या रविवारी घड्याळ तासभर मागे घेतात आणि महिना संपल्यानंतरच्या रविवारी पुन्हा पुढे करतात. एसाविरा अटलांटिकच्या काठावर, बरंच पश्चिमेला आहे, म्हणून एरवी तिथे सूर्य उशिरा मावळतो: जूनमध्ये पावणेनऊच्या आसपास, डिसेंबरातही साडेसहा उलटून गेल्यावर. फेब्रुवारीअखेर नेहमीच्या घड्याळाने साडेसात होतात. रमजानच्या घड्याळाने तोच सूर्य साडेसहाला बुडतो.

आता तुमचं व्हाउचर बघा. सव्वासहाला सुरुवात ही वेळ साडेसातच्या सूर्यास्तासाठी ठरवलेली आहे. तासभर गल्ल्यांतून फिरायचं, सव्वासातला समुद्राकडच्या तटबंदीवर पोहोचायचं, निवांत सूर्य बघायचा, असा तो हिशोब. रमजानात त्याच वेळेला निघालात तर हातात जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. आणि त्या पंधरा मिनिटांत तुमचा गाइड, टॅक्सीवाला, दुकानदार, सगळ्यांना पहाटेपासूनचा रोजा सोडायला घरी पोहोचायचं असतं. सूर्यास्त म्हणजेच इफ्तार. त्या वेळेला पर्यटकांना घेऊन फिर असं एखाद्याला सांगणं मला तरी पटत नाही, मग पैसे कितीही मोजलेले असोत.

आमचं झालं ते सांगते. मार्च 2025, रमजान मध्यावर आलेला. व्हाउचर साडेसहाचं, सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास. निघण्याआधी मी आमच्या एजन्सीच्या बुकिंग कार्यालयाला मेल लिहून सरळ विचारलं होतं: घड्याळ तासभर मागे गेलंय, तुमची वेळ बदलते का? उत्तर आलं की व्हाउचरवर आहे तीच वेळ. तिथे पोहोचल्यावर फोन केला. पुन्हा तेच, आणि वर "काळजी करू नका."

भेटायची जागा प्लास मुले हसन, म्हणजे बंदर आणि मेदिना यांच्यामधला मोठा चौक. सहा वाजेपर्यंत तिथे गजबज होती. मग बघता बघता चौक ओसरायला लागला. कॅफेवाले खुर्च्या एकात एक घालून आत नेत होते, एक मुलगा काखेत पावाची चवड दाबून पळत गेला. साडेसहा झाले, गाइडचा पत्ता नाही. कार्यालयाचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग अजान झाली आणि पूर्ण चौकात आम्ही आणि मांजरं एवढेच उरलो. सासूबाईंना उभं राहवेना. कोपऱ्यावरच्या एका दुकानदाराने दारात झाडू आडवा लावून ठेवला होता, दुकान उघडंच. तिथे तशीच पद्धत आहे, आडवी काठी किंवा झाडू दिसला की मालक जरा आत गेलाय असं समजायचं. त्याने आम्हाला पाहिलं, बाहेर येऊन सासूबाईंना स्टूल दिलं आणि ताटलीत खजूर आणि मधात घोळलेली शबाकिया मिठाई आणून ठेवली. स्वतःचं जेवण अर्धवट सोडून आला होता तो.

गाइड सव्वासातला आला, धापा टाकत. त्याने फोन काढून मला संदेश दाखवला. रमजानात ही सहल पाच वाजता ठेवा असं त्याने कार्यालयाला रमजान सुरू होण्याआधीच कळवलं होतं. त्याला उत्तर मिळालं नव्हतं, आम्हाला चुकीचं मिळालं. माझा राग त्याच्यावर नाही, तेव्हाही नव्हता. त्याने आम्हाला ठरल्यापेक्षा जास्त वेळ फिरवलं. पण तटापाशी पोहोचलो तोवर मिट्ट काळोख, समुद्र फक्त ऐकू येत होता.

खरा मनस्ताप पुढे. परताव्यासाठी लिहिलं तर कार्यालयाचं म्हणणं, गाइड आला, सहल झाली, विषय संपला. दुसऱ्या मेलला उत्तर आलं की सूर्यास्त दिसणं हवामानावर अवलंबून असतं आणि तसं अटींमध्ये लिहिलेलं आहे. आकाश स्वच्छ होतं! प्रश्न ढगांचा नव्हता, घड्याळाचा होता, आणि तो मी त्यांना आधी दोनदा विचारला होता. त्यानंतर दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा लिहा. कार्डाच्या बँकेकडेही गेले, तिथेही व्हाउचरवरची वेळ आणि सहलीचं नाव एवढंच धरलं गेलं. ज्या माणसाला गल्ली न् गल्ली माहीत आहे, त्याचं ऐकून एक वेळ बदलायची होती. एवढंही ज्यांच्याकडून होत नाही त्यांनी 'सूर्यास्त सहल' या नावाने काही विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्याच एजन्सी अशा असतात असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला आलेलं उत्तर वाचून तुमची तरी वेगळी असेल असं वाटत नाही.

तर आता काय करायचं. त्यांना आजच लिहा आणि "रमजानात काही फरक पडतो का" असं विचारू नका, त्याला "नाही" हेच उत्तर येतं. असं विचारा: "आमच्या तारखेला एसाविरात स्थानिक घड्याळाने सूर्यास्त किती वाजता आहे, आणि त्या क्षणी आम्ही नेमके कुठे असू?" याचं लेखी उत्तर मागा. त्याच मेलमध्ये सहल साडेचारला सुरू करून सहापर्यंत स्कालावर, म्हणजे समुद्राकडच्या तोफांच्या तटावर, संपवायची मागणी करा. गाइडला घरी जायला वेळ मिळतो आणि तुम्हाला तटावर जागा.

माझ्या मते तर सूर्यास्तासाठी गाइड लागतच नाही, रमजान असो वा नसो. तो लागतो त्याआधीच्या तासासाठी, उजेड असताना. एसाविरा हे काही आपोआप वाढत गेलेलं गाव नव्हे. सुलतान सिदी मोहम्मद बिन अब्दल्ला याने 1760 च्या दशकात ते आखून वसवलं, आराखड्यात तेओदोर कोर्नू या फ्रेंच अभियंत्याचा हात होता. म्हणून मुख्य रस्ते सरळ आहेत, फेझ या जुन्या मोरोक्कन शहरासारखं हरवायला होत नाही. वसई, रेवदंडा पाहिलेल्यांना हे तट पोर्तुगीजांचे वाटतात, आणि काही जण तसं ठोकूनही देतात. पोर्तुगीजांनी 1506 मध्ये इथे, म्हणजे तेव्हाच्या मोगादोरला, एक किल्ला बांधला होता खरा, पण तो त्यांच्याकडे फार टिकला नाही. आज आपण चालतो ते तट सुलतानाच्या शहराचे.

गाइडला मेल्लाह, म्हणजे जुनी यहुदी वस्ती, आणि बायत दाकिरा हे यहुदी वारशाचं संग्रहालय दाखवायला सांगा. एकेकाळी या गावात यहुद्यांची संख्या मोठी होती, व्यापार बराचसा त्यांच्या हाती. काही दरवाज्यांच्या चौकटीवर अजून सहा टोकांचा तारा कोरलेला दिसतो, पण तो उजेडातच दिसतो. अंधार पडल्यावर आमच्या गाइडने मोबाइलच्या उजेडात एक दाखवला, तेवढाच. स्कालाच्या खाली जुन्या दारूगोळ्याच्या कोठारांमध्ये थुया लाकडाच्या कारागिरांची दुकानं आहेत. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा एक म्हातारा कारागीर पेटीच्या झाकणावर तेलाचा बोळा फिरवत होता. कोरडं लाकूड साधं तपकिरी दिसतं, तेल लागलं की मुळातल्या बारीक गोल गाठी एकेक करून वर येतात आणि वास पूर्ण गल्लीत पसरतो. घासाघीस करायची तर इथे करू नका, तो वेळ गालिच्यांच्या दुकानासाठी ठेवा.

स्काला म्हणजे दोन जागा आहेत, यात लोकांचा गोंधळ होतो. बंदरावरच्या बुरुजाला तिकीट आहे आणि त्याचं दार कधी बंद होतं ते सकाळीच विचारून ठेवा. सूर्यास्तासाठी माझी पसंती मेदिनाच्या तटाला, जिथे युरोपात ओतलेल्या ब्राँझच्या तोफा ओळीने समुद्राकडे तोंड करून आहेत. फेब्रुवारीत सूर्य डावीकडे, बेटांच्या बाजूला झुकलेला असतो, तेव्हा उभं राहायला तसा कोपरा बघा. याच बेटांवर प्राचीन काळी समुद्री गोगलगायींपासून जांभळा रंग काढत. गाइड तिथल्या एलिओनोराच्या ससाण्यांबद्दल सांगेल, पण ते विणीला एप्रिलनंतर येतात, फेब्रुवारीत शोधत बसू नका. आणि अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने शेजारच्या दियाबात गावाजवळचा वाळूत बुडालेला पडका वाडा बघून गाणं रचलं असंही ऐकाल. तो इथे आला 1969 मध्ये, ते गाणं 1967 मध्येच बाहेर आलं होतं. पण सांगणाऱ्याला टोकू नका.

किनाऱ्यावर उंटवाले मागे लागतील, "सनसेट राइड" म्हणत. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर अजिबात नको. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, स्वार एकदम पुढे झुकतो, आणि धरायला खोगिराचा दांडा सोडून काही नसतं. तसंच चौकात कुणी "मी गाइड" म्हणून सोबत चालू लागला तर ओळखपत्र बघा. अधिकृत गाइडकडे पर्यटन खात्याचं असतं आणि तो ते दाखवायला कुरकुर करत नाही.

वारा. मराकेशहून येणाऱ्यांना त्याची कल्पनाच नसते. तटावर टोपी टिकत नाही आणि ऊन उतरलं की गारठा झपाट्याने वाढतो. बाबांसाठी कानटोपी आणि वाऱ्याचं जाकीट घ्याच, शाल नको, ती सावरण्यातच वेळ जातो.

रमजानात दिवसा पर्यटकांना खायला मिळतं, आईबाबांच्या गोळ्यांच्या वेळा मोडायची काही गरज नाही. चौकात सगळ्यांसमोर खाणं-पिणं टाळलं म्हणजे झालं. सूर्यास्तानंतरचा तासभर मात्र जवळपास सगळं बंद असतं, टॅक्सीसकट. म्हणून रियादमध्ये, म्हणजे तुम्ही उतराल त्या जुन्या वाड्यातल्या गेस्टहाउसमध्ये, त्या वेळचं जेवण सकाळीच सांगून ठेवा आणि पिशवीत खजूर, पाणी असू द्या. शाकाहारी असाल तर हरिरा सूप मागण्याआधी विचारा, त्यात बहुतेक ठिकाणी मटण असतं. नुसत्या भाज्यांची ताजीन (मातीच्या भांड्यात शिजवलेली भाजी) सहज मिळते, आणि बदाम-आर्गन तेलाचं अमलू पावाला लावून आईंना नक्की आवडेल. आठनंतर गल्ल्या पुन्हा भरतात, बायकापोरं सगळी बाहेर पडतात. झोपायची घाई करू नका, जेवून एक फेरी माराच.

मी ट्रॅव्हल व्यवसायातली नाही, हा आमचा अनुभव आणि त्यानंतर केलेली खातरजमा आहे. रमजानची सुरुवात चंद्रदर्शनावर ठरते, त्यामुळे तारीख एखाद्या दिवसाने इकडेतिकडे होऊ शकते. घड्याळ बदलायच्या रविवारी तुम्ही तिथेच असाल तर फोनवर विसंबू नका, तो कधीकधी बदल उशिरा धरतो. रियादच्या माणसाला वेळ विचारा.

एजन्सीने वेळ बदलायला नकार दिला, किंवा पुन्हा "सगळं नेहमीप्रमाणे" असं मोघम उत्तर दिलं, तर रद्द करा आणि रियादलाच पाच वाजताचा स्थानिक गाइड बघायला सांगा. व्हाउचरवर रद्द करायची शेवटची मुदत आणि ती कुठल्या घड्याळाने धरली आहे, हे दोन्ही आजच बघून ठेवा. आमच्या वेळी ती मुदत त्यांनी उत्तर द्यायच्या आधीच उलटून गेली होती.