साताऱ्यातून कॅनडात ट्रक चालवायला येऊ का? तुझ्या प्रश्नाचं उत्तर

तू लिहिलंस: वय 27, साताऱ्यात बाबांचा ट्रान्सपोर्टचा धंदा, हेवी लायसन्स आहे, आणि एजंट 18 लाखांत ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टन शहरात ड्रायव्हरची नोकरी पक्की म्हणतोय. पुढे कंपनीत वरच्या जागेवर जायचं किंवा स्वतःच्या गाड्या टाकायच्या. तू माझ्याहून बरीच लहान, म्हणून अगं-तुगं करते. मी ऑन्टॅरिओत आधी ट्रक चालवला, मग नव्या ड्रायव्हरांना शिकवलं, आता एका कंपनीत सेफ्टी बघते.

आधी ते 18 लाख थांबव. इथे नोकरी देण्यासाठी कामगाराकडून पैसे घेणं बेकायदा आहे. परदेशातून माणूस आणायला एलएमआयए, म्हणजे मालकाने सरकारकडून घ्यायची मंजुरी, लागते, त्याची फी मालकाने भरायची असते. अशी विकत घेतलेली नोकरी माणसाला बांधून टाकते. कामाचं परमिट त्याच मालकाशी बांधलेलं असतं, मग टायर गुळगुळीत झालेली गाडी दिली तरी ‘नाही’ म्हणायची सोय राहत नाही.

तुझ्या हेवी लायसन्सवर इथे ट्रक चालवता येत नाही. आधी कारचं ‘जी’, मग ट्रेलरचं ‘ए’, आणि एअर ब्रेकसाठी ‘झेड’. आरटीओकडून लायसन्स किती वर्षांचं आहे याचं पत्र घेऊन ये, ‘जी’च्या परीक्षेआधीची वाट बरीच कमी होते. ऑन्टॅरिओत 2017 पासून ‘ए’साठी किमान 103.5 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. सस्कॅचेवान प्रांतात ते तेव्हा नव्हतं. तिथे हम्बोल्टच्या हॉकी खेळाडूंची बस आणि ट्रकची धडक 2018 मध्ये झाली, 16 जण गेले. ट्रकचा ड्रायव्हर नवखा होता. त्यानंतर तिथेही सक्ती आली. तेव्हा स्वस्तात उरकून देणाऱ्या शाळेत जाऊ नकोस. आणि परीक्षा गिअरच्या गाडीवर दे, ऑटोमॅटिकवर दिलीस तर लायसन्सवर तशी अट पडते.

ताकद लागते का, असं विचारलंस. ताकदीपेक्षा सवय लागते. ट्रेलर जोडताना घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, मागे घेतलास की खाली उतरायचं, बॅटरी घेऊन ट्रेलरखाली वाकायचं आणि ट्रेलरखालच्या जोडखिळीभोवती, म्हणजे किंगपिनभोवती, घोड्याचा जबडा पुरता मिटलाय का ते डोळ्यांनी बघायचं. मग वर बसून ट्रेलरचे ब्रेक लावून पुढे हिसका द्यायचा. उणे 25 मध्ये ब्रेकचे शू ड्रमला गोठून चिकटतात, तेव्हा हातोडीने ठोकून सोडवावे लागतात. हे माझ्यासारख्या बुटक्या बाईलाही जमतं.

ट्रक स्टॉपवर आंघोळीची स्वतंत्र खोली मिळते, आतून कुलूप लागतं, डिझेल भरलं की बऱ्याच ठिकाणी पैसे पडत नाहीत. संध्याकाळी जागा लवकर भरतात, म्हणून उजेडातली जागा वेळेत धर. झोपताना सीटबेल्ट दाराच्या दांड्यात ओवून लावतात, दार बाहेरून उघडत नाही.

खरी अडचण ट्रेनरची. लांबच्या मार्गावर एकाच केबिनमध्ये अनोळखी पुरुषासोबत आठवडे काढावे लागतात, आणि शंभर ड्रायव्हरांत बायका इथे जेमतेम तीन-चार, मग बाई ट्रेनर कुठून मिळणार? अमेरिकेत न्यू प्राइम या कंपनीने बाई ट्रेनर मिळेपर्यंत बायकांना ताटकळत ठेवलं, 2014 मध्ये कोर्टाने तो भेदभाव ठरवला. म्हणून नोकरी घेण्याआधीच विचार: ट्रेनर कोण, झोपायची सोय काय, तक्रार कोणाकडे करायची. उत्तर द्यायला अडखळणारी कंपनी सोड.

आता वरच्या जागेचं. तुला पहिल्याच वर्षी म्हणतील, ‘थंडीत कशाला फिरतेस, ऑफिसात डिस्पॅचला, म्हणजे गाड्यांना फेऱ्या लावून द्यायला, बस.’ बसू नकोस, निदान दोन हिवाळे तरी. ऑफिसात बायका पुष्कळ आहेत, पण गाडी न चालवलेल्या बाईला डिस्पॅचच्या पुढे फारसं जाऊ देत नाहीत, हे मी बघत आलेय. माझं आजचं काम म्हणजे लॉग, म्हणजे ड्रायव्हरांच्या तासांची नोंद, तपासणं. कॅनडात दिवसाला 13 तास ड्रायव्हिंगची मर्यादा, अमेरिकेत 11. माल अडलाय म्हणून कोणी तासभर जास्त मागितला की मी गाडी थांबवते. उत्तर ऑन्टॅरिओतल्या वावा गावाच्या पुढचा दुपदरी रस्ता बर्फात स्वतः चालवलेला आहे, म्हणून माझं ऐकतात. बायकांनी या खुर्च्यांवर बसायलाच हवं, पण रस्त्यावरून.

‘स्वतःची कंपनी काढ, पगार तिच्या नावावर घे’ असं कोणी म्हटलं तर नकार दे. याला इथे ‘ड्रायव्हर इंक’ म्हणतात. हातात जास्त पैसे दिसतात, पण ओव्हरटाइम, रजेचा पगार, बेकारी विमा सगळं जातं, आणि करखात्याचा झमेला तुझ्या गळ्यात पडतो. पहिली वर्षं पगारी नोकरीच कर. स्वच्छ रेकॉर्ड झाला की विमा कंपनीही ऐकते, मग स्वतःच्या गाडीचा विचार कर.

ऑफर लेटर आलं असेल तर दोन गोष्टी बघून मला कळव: पैसे तासावर आहेत की मैलावर, आणि गोदामात थांबून राहावं लागलं तर त्या वेळेचे मिळतात का.