आधी कपाट रिकामं करा

ताई, मी गोव्यातल्या बार्देशचा, वय 56. पहिली पत्नी आजारानं गेली. मूलबाळ नाही. तीन वर्षांनी तिची कबर उघडून अस्थी दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या. दोन वर्षांपूर्वी दुसरं लग्न केलं. ही वेंगुर्ल्याची, तीही विधवा. स्वभावानं चांगली आहे. फक्त रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला उशीर होतो, कारण सुटकेसमधले कपडे चुरगळतात आणि ती इस्त्री करत बसते. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कोनाड्यापुढे मेणबत्ती लावताना तिनं विचारलं, ‘स्वर्गात तुम्ही कुणाचे?’ फादरांना विचारलं तर म्हणाले, तिथे लग्न नसतं. तेव्हापासून झोप नाही. पहिली मला परकी होणार का? आणि हिला काय सांगू?

भाऊ, स्वर्गाचं नंतर बोलू. मी त्या इस्त्रीपाशीच अडकले. लग्नाला दोन वर्षं झाली आणि तुमच्या बायकोचे कपडे अजून सुटकेसमध्ये? कपाट आहे, त्यात पहिलीचे कपडे आहेत. हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला दिसतंय. हँगरला तिचे ड्रेस, खाली डांबराच्या गोळ्या. आणि ही बाई दर रविवारी पलंगाखालून सुटकेस ओढते, घड्या मोडते, इस्त्री तापायची वाट बघत उभी राहते. पाहुणी राहते तशी. तुम्हाला दिसला तो मिस्साचा उशीर. रागावू नका, पण मला तुमचाच राग आलाय.

फादर बरोबरच बोलले, तुम्ही अर्धंच ऐकलंत. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, 22व्या अध्यायात, सदूकी नावाच्या यहुदी पंथाचे लोक येशूला हेच विचारतात. ते पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचं पुन्हा उठणं, मानतच नव्हते. निपुत्रिक भावाच्या विधवेशी दिरानं लग्न करायचं, हा मोशेचा नियम. त्यावरून त्यांनी कोडं रचलं: एकामागून एक सात भावांनी एकीशी लग्न केलं, सगळे मेले, मग पुनरुत्थानात ती कुणाची? त्या बाईचं मन कुणी विचारलं नाही, सवाल फक्त वाटणीचा. येशूनं वाटणीच मोडीत काढली. तिथे लग्न करणं नाही, करून देणं नाही. पण पुढे लगेच म्हणतो, देव अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा. तो मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा देव. नावं घेतली, बघा. येशूच्या कबरीपाशी त्याची शिष्या मरिया माग्दालेना हिला मरणातून उठलेला येशू आधी माळी वाटला. त्यानं नावानं हाक मारली आणि तिनं ओळखलं. तुमची पहिली परकी कशी होईल? तिथे कुणी कुणाच्या मालकीचं नाही, एवढंच. म्हणून एकीला दिलं की दुसरीचं कमी होत नाही. इथे आपल्याला ते कठीण जातं, कारण घरात कपाट एकच असतं.

वेदीपुढे तुम्ही वचन दिलंत ते मरणापर्यंतचं. पहिलीच्या बाबतीत ते तुम्ही शेवटच्या श्वासापर्यंत पाळलंत, पुरं केलंत. तेच वचन आता हिला दिलंय.

ती कबर उघडली तेव्हा तुम्ही तिथेच असाल. आपल्याकडे दफनभूमीत जागा कमी, म्हणून काही वर्षांनी माती पुढच्यासाठी मोकळी करतात. त्या मातीनं दुसऱ्याला जागा दिली, म्हणून तुमची पहिली उणावली का? तिच्यापुढे मेणबत्ती अजून लागतेच की.

तेव्हा या शनिवारी एकच काम करा. कपाट तुम्ही रिकामं करा, तिला करायला लावू नका. पहिलीचा एक ड्रेस ठेवायचा तर ठेवा, बाकीचे तिच्या बहिणींना द्या, नाहीतर गरजू बाईला. फळ्या ओल्या फडक्यानं पुसा, दारं दिवसभर उघडी ठेवा, वास जाऊ दे. मग पलंगाखालची सुटकेस काढा आणि तिचे कपडे तुमच्या हातानं हँगरला लावा. स्वर्गाचं उत्तर तिला त्यानंतर द्या, बहुतेक ती मागणारही नाही.

आणि हो, तीही विधवा, असं तुम्ही दोन शब्दांत लिहून पुढे गेलात. तिचाही एक माणूस पलीकडे आहे. त्याचं नाव तरी तुम्हाला ठाऊक आहे का? सुटकेसच्या तळाशी त्याचा फोटो सापडला तर तो पुन्हा कपड्यांखाली ठेवू नका. तुमच्या पहिलीच्या फोटोशेजारी त्याच्यासाठी खिळा ठोका.