वाचकांचे प्रश्न : जुन्या छायाचित्रांतील अनोळखी रणगाडे

प्रश्न : माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. त्यांच्या ट्रंकेत सापडलेल्या एका छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने ‘इटली, 1945’ एवढेच लिहिलेले आहे. चित्रात बुरूज आणि तोफ नसलेला एक रणगाडा ओढ्याच्या पात्रात रुतल्यासारखा दिसतो आणि दुसरा रणगाडा त्याच्या अंगावरून पलीकडे जात आहे. खालचा रणगाडा शत्रूने निकामी केलेला असावा का? (सातारा)

उत्तर : नाही. आपल्या चित्रातील खालचा रणगाडा रुतलेला नाही, तो मुद्दाम तेथे उभा केलेला आहे. चर्चिल या ब्रिटिश रणगाड्याचा बुरूज काढून टाकून, त्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला बिजागरीने दुमडणारे उतार बसवून हे वाहन तयार केले जात असे. त्याला आर्क म्हणत. चालक ते थेट नाल्यात उतरवी, दोन्ही उतार काठांवर टेकवले जात आणि मागचे रणगाडे या जिवंत पुलावरून पार होत. नाला फार खोल असेल तर एका आर्कच्या पाठीवर दुसरे आर्क चढवल्याचीही उदाहरणे इटलीत आहेत.

तरीही हे चर्चिलच कशावरून, हे स्वतः पडताळून पाहावे. बुरूज, तोफ, वरची पेटी हे सारे कार्यशाळेत बदलता येत असे, पण चाके आणि साखळ्यांची मांडणी सहसा कोणी बदलत नसे. म्हणून ओळख पटवताना मी नेहमी खालून वर पाहत जातो. चर्चिलच्या प्रत्येक बाजूला 11 लहान चाके एका ओळीत असतात, तर अमेरिकी शर्मनला प्रत्येक बाजूस 6 चाके, दोन-दोनच्या तीन जोड्यांत असतात. व्हॅलेंटाइन या ब्रिटिश रणगाड्यालाही 6 चाके असतात, मात्र त्यांतील पहिले आणि शेवटचे चाक मोठे व मधली चार लहान असल्याने तो चटकन वेगळा काढता येतो. आपल्या चित्रात चाके पाण्याखाली असतील, तर साखळीचा वरचा भाग पाहावा. चर्चिलची साखळी धडाच्या माथ्यापर्यंत वर चढून जाते आणि पुढे दोन शिंगांसारखी निघालेली दिसते.

आणखी एक खूण आपल्या उपयोगाची आहे. इटलीत तयार केलेल्या आर्कवर वेगळा रस्ता बसवलेला नसे, वरून जाणारे वाहन आर्कच्या स्वतःच्या साखळ्यांवरूनच चालत असे. ब्रिटनमध्ये बनलेल्या आर्कवर मात्र दोन्ही बाजूंना चालण्यासाठी पोलादी पट्ट्या जडवलेल्या असत. चित्रात पट्ट्या नसतील, तर पाठीमागची पेन्सिलीची नोंद आणि वाहनाची जडणघडण एकमेकांशी जुळतात, असे निश्चिंतपणे म्हणता येईल.

हे चित्र नेमक्या कोणत्या नदीवरचे, हे केवळ वाहनावरून ठरत नाही. त्यासाठी पणजोबांची बटालियन शोधावी, कारण रेजिमेंटची पहिली आणि तिसरी अशा दोन्ही बटालियन इटलीत वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये लढल्या. पहिली बटालियन 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदी ओलांडत होती. उंच मातीच्या बांधांमध्ये जर्मन मशीनगनी दडलेल्या होत्या आणि ज्वाला फेकणारी वाहने आपल्या पायदळाला वाट करून देत होती. त्याच दिवशी कंपनीचे निरोप्ये नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले, परत येऊन मशीनगनची ठाणी एकट्याने निकामी केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पणजोबांची कागदपत्रे पहिल्या बटालियनची निघाली, तर आपल्या हातातील चित्र मोलाचे आहे. ते चिकटपट्टीने कोठेही चिकटवू नये आणि मागच्या अक्षरांचेही स्कॅन करून ठेवावे.

प्रश्न : माझ्या संग्रहातील एका चित्रात धड चर्चिलचे आणि तोफेच्या मुळाशी असलेली गोलसर ढाल मात्र शर्मनची दिसते. हे दोन चित्रे जोडून केलेले बनावट काम आहे का? (पुणे)

उत्तर : चित्र बहुधा अस्सल आहे. चर्चिलवरील 6 पौंडी (सुमारे 6 पौंड वजनाचा गोळा फेकणारी) तोफ चिलखत भेदण्यास चांगली होती, पण तिचा स्फोटक गोळा दुबळा असल्याने पायदळाला तिचा आधार अपुरा पडे. ट्युनिशियातील लढाईनंतर मोडक्या शर्मनांच्या 75 मिलिमीटर तोफा पडून आहेत, हे पर्सी मॉरेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने हेरले आणि 1944 मध्ये अल्जीरियातील बोन येथे त्या तोफा ढालींसकट चर्चिलच्या बुरुजात बसवण्याचे काम झाले. असे सुमारे 200 रणगाडे तयार झाले. त्यांना एनए 75 (नॉर्थ आफ्रिका, 75 मिलिमीटर) म्हणत आणि ते इटलीत लढले. अमेरिकी रणगाड्यात गोळा भरणारा तोफेच्या डावीकडे बसतो आणि ब्रिटिश रणगाड्यात उजवीकडे, म्हणून मॉरेल यांनी अख्खी तोफच उलटी फिरवून बसवली. ही युक्ती मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

फक्त एक खबरदारी घ्यावी. जुन्या निगेटिव्ह कित्येकदा उलट्या बाजूने छापल्या जात. चर्चिलचा चालक उजवीकडे बसतो आणि धडावरची मशीनगन डावीकडे असते. समोरून काढलेल्या चित्रात ती मशीनगन आपल्या उजव्या हाताला दिसायला हवी. तशी नसेल तर चित्र आरशातल्यासारखे छापले गेले आहे. चर्चिल आणि व्हॅलेंटाइन प्रत्यक्ष पाहायचे असतील, तर अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम आपल्यापासून दूर नाही.

प्रश्न : नॉर्मंडीतील एका शर्मनच्या तोफेची नळी मध्येच संपल्यासारखी का दिसते? (नागपूर)

उत्तर : तो फायरफ्लाय, म्हणजे 17 पौंडी ब्रिटिश तोफ बसवलेला शर्मन, असावा. या तोफेची लांब नळी पाहून जर्मन तोफची त्यालाच आधी टिपत, म्हणून नळीच्या पुढच्या भागाची खालची बाजू फिक्या रंगाने रंगवत आणि दुरून ती आखूड भासे. बुरुजाच्या मागे जोडलेली चिलखती पेटी दिसते का, ते पाहावे. तिच्यात वायरलेस संच असे, कारण तोफेच्या धक्क्याला जागा देण्यासाठी तो बुरुजातून बाहेर हलवावा लागला होता. धडावरची मशीनगनही काढून तिचे भोक बुजवलेले असे, तीही खूण तपासावी.