वाचक विचारतात : पंचांचं गणित आणि प्रमोटरचा कागद

टोकियो ऑलिम्पिकमध्ये मेरी कोमनं तीनपैकी दोन राऊंड घेतले, तरी निकाल कोलंबियाच्या इन्ग्रिट व्हॅलेन्सियाच्या बाजूनं लागला. हे कसं काय?
— एक वाचक, नाशिक

कारण ऑलिम्पिक बॉक्सिंगमध्ये राऊंड मोजत नाहीत, जजची कार्डं मोजतात. रिंगभोवती पाच जज बसतात. प्रत्येकाचं कार्ड वेगळं. राऊंड ज्यानं घेतला त्याला १०, दुसऱ्याला ९; फरक स्पष्ट असेल तर ८, आणि समोरचा पार निष्प्रभ झाला असेल तर ७. तीन राऊंडची बेरीज होऊन प्रत्येक जजचा एकच विजेता ठरतो. पाचपैकी तिघांचा कौल ज्याला, तो जिंकला. टीव्हीवर राऊंडनंतर दिसणारा ४-१ किंवा ३-२ हा आकडा त्या राऊंडला किती जज कोणाकडे होते एवढंच सांगतो. निकालाच्या हिशेबात तो आकडा म्हणून कुठेच येत नाही.

मेरीनं पहिला राऊंड १-४ असा गमावला, पुढचे दोन्ही ३-२ असे घेतले. आता कागदावर पाच जज मांडा. ही मांडणी फक्त उदाहरणासाठी. पहिल्या जजनं तिन्ही राऊंड मेरीला दिले, म्हणजे ३०-२७. दुसऱ्यानं पहिला सोडून बाकीचे दोन दिले, २९-२८. इथपर्यंत दोन कार्डं मेरीची. तिसऱ्यानं फक्त दुसरा राऊंड दिला आणि चौथ्यानं फक्त तिसरा, म्हणून दोन्हीकडे २८-२९. पाचव्यानं काहीच दिलं नाही, २७-३०. राऊंडचे आकडे पडताळून बघा, १-४, ३-२, ३-२ असेच येतात. आणि लढत मात्र २-३ अशी जाते.

म्हणजे दोन राऊंडला तीन-तीन जज मिळाले हे पुरेसं नव्हतं. त्यातले बरेचसे तेच असायला हवे होते. गुण राऊंडनंतर दाखवले जातात तिथे कॉर्नरनं (म्हणजे कोपऱ्यात बसलेल्या प्रशिक्षकांनी) दुसऱ्या राऊंडनंतर हेच बघायचं असतं. एकूण किती आले यापेक्षा कोणता जज कितीवर आहे, आणि किती कार्डं अजून एका राऊंडनं फिरू शकतात. तीन कार्डं हातात असतील तर तिसऱ्या राऊंडला अंगावर धावून जाणं हा वेडेपणा. दोनच असतील तर लांबून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकत फिरत राहणं हा तितकाच मोठा वेडेपणा.

आमच्या मुलानं समोरच्याला आठचा काउंट खायला लावला, तरी तो राऊंड दुसऱ्याला गेला. पंचांना विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही.
— एक प्रशिक्षक, अकोला

उत्तर असं : हौशी बॉक्सिंगमध्ये काउंटचा, म्हणजे ठोशानं हललेल्या बॉक्सरसमोर रेफ्री आठपर्यंत मोजतो त्याचा, वेगळा गुण नाही. प्रो, म्हणजे व्यावसायिक, लढतीत खाली पाडलं की राऊंड साधारणपणे १०-८ होतो, आणि सगळे सामने तसेच बघायची सवय लागल्यामुळे हा घोटाळा होतो. इकडे ज्या ठोशानं काउंट आला तो एक चांगला ठोसा, बस. उरलेल्या अडीच मिनिटांत समोरच्यानं दहा स्वच्छ ठोसे बसवले असतील तर राऊंड त्याचाच.

जज आधी बघतात ते दर्जेदार ठोसे. मिटलेल्या मुठीच्या पुढच्या भागानं, डोक्याच्या किंवा धडाच्या समोर वा बाजूला, पट्ट्याच्या वर, आणि आड काही न येता बसलेला. दंडावर किंवा गार्डवर आपटलेले ठोसे आवाज भरपूर करतात, प्रेक्षक ओरडतात, कार्डावर शून्य. मूठ उघडी राहून बसलेली चपराकही तशीच. त्यानंतर तंत्रानं आणि डावपेचानं लढत कोणी चालवली, आणि मग लढण्याची जिद्द.

एक गोष्ट मुलांना कोणी शिकवत नाही. जज जागेवर बसून बघतात आणि रेफ्री सतत मध्ये फिरत असतो. दोराला टेकवून दिलेले बॉडी पंच पाठीमागच्या जजला दिसतच नाहीत, त्याला दिसते तुमच्या मुलाची पाठ. दोन-तीन ठोशांनंतर बाजूला सरून समोरच्याला वळवलं की तेच काम आणखी दोन जजच्या नजरेत येतं. सरावात तीन बाजूंना तीन मोबाइल लावा, आवाज बंद करून रेकॉर्डिंग बघा आणि प्रत्येक बाजूनं नीट दिसलेले ठोसेच मोजा. तिन्ही आकडे एकमेकांपासून किती लांब येतात ते बघून पंचांवरचा निम्मा राग उतरेल. उरलेला निम्मा कधीकधी रास्तही असतो.

आणि डोकं खाली घालून आत शिरायची सवय असेल तर ती आधी मोडा. वॉर्निंग मिळाली की पाचही कार्डांवरून एकेक गुण जातो. २९-२८ चं कार्ड २८-२८ होतं, आणि मग विजेता कोण ते त्या जजला वेगळं नोंदवावं लागतं.

ही पद्धत सारखी का बदलते?
— एक वाचक, ठाणे

घोळ झाला की बदलते. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत रॉय जोन्स ज्युनियरनं ८६ ठोसे बसवले, कोरियाच्या पार्क सी-हुननं ३२, आणि सुवर्ण ३-२ नं पार्कला गेलं. स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून दिला जाणारा करंडक मात्र जोन्सला! त्यानंतर १९९२ मध्ये बार्सिलोनाला बटणं आली. पाचपैकी तीन जजनी एका सेकंदाच्या आत दाबलं तरच गुण. हेतू चांगला होता, पण त्यानं खेळच बदलला. पोटातला ठोसा तिघांना एकदम दिसणं कठीण, चार ठोशांची जोडणी एका सेकंदात संपते आणि एकच गुण मिळतो. मग सगळे लांबून एकेक जॅब टाकायला लागले.

२०१३ मध्ये बटणं जाऊन दहा गुणांची पद्धत आली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला पाच जज बसायचे, पण संगणक त्यातल्या तिघांचीच कार्डं निवडायचा. आयर्लंडचा मायकेल कॉनलन तिथे रशियाच्या निकितीनकडून हरला आणि त्यानं रिंगमध्येच जजना बोट दाखवलं. रिओतल्या काही लढतींत फेरफार झाल्याचं मॅक्लॅरेन चौकशीनं २०२१ मध्ये मांडलं. त्याच्या कितीतरी आधी पाचही कार्डं धरायला सुरुवात झाली होती. जुन्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता ऑलिम्पिक समितीनं २०२३ मध्ये काढली. टोकियो आणि पॅरिसच्या लढती समितीनं स्वतःच घेतल्या. आता सूत्रं वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेकडे आहेत.

निकालाविरुद्ध दाद मागता येते का?
— एक वाचक, सोलापूर

स्पर्धेवर अवलंबून. लंडन ऑलिम्पिकला २०१२ मध्ये, बटणांच्या पद्धतीत, भारताचा विकास कृष्णन अमेरिकेच्या एरल स्पेन्सविरुद्ध १३-११ असा जिंकला होता. अमेरिकेनं दाद मागितली. विकासचे तिसऱ्या राऊंडमधले धरून ठेवण्याचे नऊ फाऊल आणि त्यानं मुद्दाम थुंकलेलं गमशील्ड (दातांवरचं कवच) यांकडे रेफ्रीनं दुर्लक्ष केलं होतं. किमान दोन वॉर्निंग व्हायला हव्या होत्या, तेव्हाच्या नियमानं प्रत्येकीचे दोन गुण प्रतिस्पर्ध्याला, म्हणून स्पेन्स १५-१३ नं विजयी. टोकियोला अशी सोयच नव्हती. त्यामुळे स्पर्धेआधीच्या टेक्निकल मीटिंगमध्ये तीन गोष्टी विचारून लिहून घ्या : पुनरावलोकन आहे का, अर्ज किती मिनिटांत द्यायचा, फी किती. जिथे ते आहे तिथेही ‘जजला कळलं नाही’ या तक्रारीपेक्षा रेफ्रीनं नियम चुकवल्याचा मुद्दा जास्त टिकतो, हे लंडनच्या उदाहरणात दिसतंच.

माझ्या धाकट्या भावाला राष्ट्रीय पदक आहे. परदेशातल्या एका प्रमोटरनं (प्रो लढती भरवणाऱ्यानं) चार वर्षांचा करार पाठवला आहे, सही केल्यावर रक्कमही देणार आहेत. घरी दोन तट पडले आहेत.
— एक बहीण, सांगली

ताई, रक्कम बाजूला ठेवा आणि आधी एक शब्द शोधा. ती बक्षीस म्हणून आहे की उचल म्हणून? उचल असेल तर पुढच्या लढतींच्या मानधनातून ती वळती होणार, आणि पहिलं वर्षभर भाऊ जवळजवळ फुकट लढेल.

मग ‘चार वर्षं’ खरोखर चार आहेत का ते बघा. दुखापत, व्हिसा न मिळणं, बंदी या काळात घड्याळ थांबतं आणि तेवढे महिने मुदतीत वाढतात, असं कलम सर्रास असतं. किताब मिळाला तर करार आपोआप लांबतो, असंही. दोन्हींवर महिन्यांची कमाल मर्यादा लिहून घ्या. त्याबदल्यात प्रमोटरवर बंधन काय? वर्षाला किमान किती लढती देणार आणि चार, सहा, आठ राऊंडच्या लढतीला किमान किती पैसे, हे आकड्यांत हवं. ‘योग्य संधी उपलब्ध करून देण्याचा प्रयत्न’ या वाक्याला काडीची किंमत नाही. लढती दिल्या नाहीत तर भाऊ मोकळा होतो का, हेही त्याच पानावर पाहिजे, कारण करार दुसरीकडे लढू देत नाही आणि प्रमोटर बोलावत नाही, या कात्रीत खेळाडूची उमेदीची वर्षं निघून जातात.

मानधनाचा हिशेब. समजा अमेरिकेत १०,००० डॉलरची लढत. परदेशी खेळाडूच्या मानधनातून साधारण ३० टक्के कर आधीच कापतात : ३,०००. मॅनेजर तिथे एक तृतीयांशापर्यंत घेऊ शकतो : ३,३३३. प्रशिक्षक १० टक्के : १,०००. उरले २,६६७, आणि त्यातून कटमन (लढतीत जखमेचं रक्त थांबवणारा), स्पॅरिंग पार्टनर, राहणं, जेवण. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि वैद्यकीय तपासण्या (एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, डोळे, मेंदूचा एमआरआय) कोणाच्या खर्चानं, हे लिहिलं नसेल तर तुमच्याच खर्चानं असं समजा. कापलेल्या कराचं प्रमाणपत्र न चुकता घ्या. भारतात रिटर्न भरताना त्याचं क्रेडिट मिळतं.

मॅनेजरनं भावासाठी प्रमोटरशी भांडायचं असतं. दोघं एकच माणूस किंवा एकाच घरचे असतील तर भांडणार कोण? अमेरिकेच्या २००० सालच्या मुहम्मद अली कायद्यात या दोन भूमिका वेगळ्या ठेवायची तरतूद आहे, आणि लढतीतून प्रमोटरला काय मिळतं ते बॉक्सरला सांगणं बंधनकारक आहे. लढत भारतात किंवा दुबईत झाली तर तो कायदा कामाला येत नाही. म्हणून तीच अट करारात घालून घ्या. वाद कुठल्या देशात सोडवायचा हे शेवटच्या पानावर असतं; तेही वकिलाला दाखवा. वकील तुमचा, त्यांनी सुचवलेला नव्हे.

घाईचा दबाव आला तर लक्षात ठेवा की मोठी स्पर्धा जवळ असताना हौशी बॉक्सरचा भाव वाढत असतो. विजेंदर सिंग २०१५ मध्ये मँचेस्टरला प्रो म्हणून पहिल्यांदा उतरला तेव्हा बीजिंगचं कांस्य गाठीशी होतं. निशांत देव पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत मेक्सिकोच्या मार्को व्हर्देकडून ४-१ हरला, त्या निकालावर बरीच टीका झाली. जानेवारी २०२५ मध्ये तो लास वेगासला मॅचरूम या प्रमोटर कंपनीसाठी लढत होता. वादग्रस्त पराभवानं बाजारभाव पडत नाही, उलट नाव होतं. नुसत्या राष्ट्रीय पदकावर आलेला करार मात्र स्वस्तात उचललेला माल असू शकतो.

प्रो झाल्यावर लॉस एंजेलिसचा रस्ता बंद होतो का? आणि सरकारी नोकरीचं काय?
— एक बॉक्सर, पुणे

बंद होत नाही. २०१६ पासून प्रो बॉक्सरनाही ऑलिम्पिकला उतरता येतं. विकास कृष्णन २०१९ मध्ये अमेरिकेत दोन प्रो लढती जिंकून परत आला आणि टोकियोला पात्र ठरला. पण राष्ट्रीय शिबिर आणि निवड चाचणीसाठी सोडण्याची अट प्रमोटरच्या करारात लिहून घ्यावी लागते, तोंडी आश्वासन चालत नाही. डोपिंग चाचणीच्या नोंदणीकृत यादीत नाव असेल तर निवृत्तीचा अर्ज करू नका. परतायचं ठरवल्यावर सहा महिने आधी कळवून चाचणीला उपलब्ध राहावं लागतं, तोवर स्पर्धा नाही.

महाराष्ट्रातल्या शासकीय नोकरीच्या ५ टक्के खेळाडू आरक्षणात मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रं पडताळून घेतात. प्रो लढतीतला विजय तिथे उपयोगाचा नाही. प्रमाणपत्रं आहेत तर पडताळणी आत्ताच करून ठेवा. सेनादल, रेल्वे किंवा पोलिसात आधीच असाल तर सहीपूर्वी खात्याची लेखी परवानगी घ्या.

हौशी आणि प्रो यांत शरीराला सगळ्यात मोठा फरक कुठे पडतो?
— एक वाचक, पणजी

वजनात. हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी वजन, आणि पुढे गेलात की पुन्हा. त्यामुळे उतरवलेलं वजन भरून काढायला वेळच नसतो. प्रो लढतीत वजन आदल्या दिवशी, म्हणून समोरचा रिंगमध्ये येतो तेव्हा तो काट्यावर होता त्याहून कितीतरी जड असू शकतो. वेल्टरवेटपर्यंत (सुमारे ६६.७ किलो) ग्लोव्ह्जही ८ औंसाचे, हौशीतल्या १० किंवा १२ च्या जागी. तुमच्याच शहरात मार्च २०२१ मध्ये कॅसिनो जहाजाच्या छतावर रशियाच्या आर्टिश लोप्सननं विजेंदरला पाचव्या राऊंडमध्ये थांबवलं. तोवर विजेंदरच्या बारा प्रो लढती झाल्या होत्या आणि हार एकही नव्हती.