पुस्तक मिटून लिही

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गणिताचं लेक्चर बघताना सगळं कळतं, कागद पुढे घेतला की हात चालत नाही. तिशी उलटली म्हणून डोकं गंजलं का, असं विचारतोस. डोक्याला काही झालेलं नाही. तू अजून गणित सुरूच केलेलं नाहीस, नुसतं बघतो आहेस. एनपीटेलची, म्हणजे आयआयटीवाल्यांची ऑनलाइन व्याख्यानं उत्तम आहेत, फुकटही आहेत. पण अमीर खाँसाहेबांच्या रेकॉर्डी ऐकून इंदुरात कुणाचा गळा तयार झालेला नाही. पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि लिहायचं.

इंजिनिअरिंगला गणित झालंय म्हणून थेट रिअल अनॅलिसिसवर, म्हणजे मर्यादा वगैरेंच्या काटेकोर सिद्धतांवर, उडी मारू नकोस. आधी सहा आठवडे एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं. हसू नकोस. क्ष² = ५क्ष दिसलं की क्षने भागून ५ लिहून मोकळा होतोस; शून्य कुठे गेलं? √(क्ष + ६) = क्ष, वर्ग केलास की ३ आणि −२ येतात. −२ मूळ समीकरणात घाल: डावीकडे २, उजवीकडे −२. वर्ग करताना पाहुणा आत शिरला. अशा चुका उत्तर जुळवण्याच्या सवयीत खपून जातात. सिद्धतेत खपत नाहीत.

मग मर्यादा. क्ष २ कडे जाताना क्ष² ४ कडे जातो, हे एप्सिलॉन-डेल्टाने दाखव. म्हणजे कुणी कितीही लहान एप्सिलॉन दिला, तरी असा डेल्टा सांगायचा की क्ष २ पासून डेल्टाच्या आत असला की क्ष² ४ पासून एप्सिलॉनच्या आत राहिलाच पाहिजे. |क्ष² − ४| = |क्ष − २| × |क्ष + २|, इथवर सगळे येतात. पुढे बहुतेकजण डेल्टा म्हणून एप्सिलॉन भागिले |क्ष + २| लिहितात आणि तिथेच फसतात. डेल्टा आधी ठरतो, क्ष नंतर येतो. डेल्टाला क्ष माहीतच असता कामा नये. म्हणून आधी क्षला २ पासून १ च्या आत कोंडायचं. मग |क्ष + २| पाचाहून कमीच राहतो, आणि डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन/५ यांतला लहान. हे वाचायला दोन मिनिटं लागली असतील. आता पुस्तक मीट. उद्या सकाळी, काही न बघता, लिही. 'हा १ कुठून आला?' इथे अडशील, आणि ते बरंच आहे. तो १ आपल्या मर्जीचा. १ ऐवजी अर्धा घे, ५ च्या जागी ४.५ येतं का बघ. मग क्ष³ घे. तिथे, १ तसाच ठेवलास तर, ५ च्या जागी १९ यायला हवेत.

अडलास तर अर्धा तास अडूनच राहा. नंतर पुस्तकातली एकच ओळ बघ, पुन्हा मीट. पूर्ण उत्तर वाचलंस की तो प्रश्न तुझ्यापुरता मेला. पीथमपूरची बस गाठण्याआधीचा पाऊण तास रोज याला दे. रविवारी नवीन काही नाही, फक्त आठवड्यात अडलेले प्रश्न पुन्हा कोऱ्या कागदावर. वहीचं डावं पान प्रयत्नाला, उजव्या पानावर नेमकी कुठली ओळ चुकली आणि का.

तुझे मित्र म्हणतात, ही पद्धत फार संथ आहे. आहेच. एका आठवड्यात चार पानंही होणार नाहीत. मला हेकट म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांना म्हणू दे. भराभर पन्नास व्याख्यानं बघून झाल्यावर क्रमिकेची (सीक्वेन्सची) मर्यादा एकच का असते, हे दोन ओळींत लिहिता येत नसेल, तर तो वेग घेऊन करायचं काय?

पदवीचं नंतर. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तिला वयाची अट नाही, आणि आयआयटी इंदूरचं सिमरोल काही तुझ्यापासून लांब नाही. पात्रतेच्या अटी माहितीपत्रकात नीट वाच. पण यंदा फॉर्म भरू नकोस. परीक्षेची तारीख डोक्यावर बसली की तू पुन्हा उत्तरं पाठ करायला लागशील.

रविवारी येताना क्ष³ची सिद्धता घेऊन ये. मोबाईलवरचा फोटो नको, वही हवी, आणि खाडाखोड तशीच राहू दे.